सडपातळ चिवडा आणि वीस डबे

पहिला डबा महादूमामांनी उघडला आणि लगेच परत झाकला.

"मॅडम, ह्यात चिवडा न्हाई," ते म्हणाले.

"नसणारच मामा. खाल्ला असेल त्यांनी."

"तसं न्हवं. ह्यात अळूवड्या हाईत."

मी दुसरा डबा उघडला. त्यात चकल्या होत्या. तिसऱ्यात गुळाच्या पोळ्या, चौथ्यात शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर केळीच्या पानात गुंडाळलेला लोण्याचा गोळा. वीस डबे गेले होते, वीस परत आले होते आणि एकही रिकामा नव्हता. महादूमामा आमच्या प्रयोगशाळेचे जुने परिचर. इतक्या वर्षांत त्यांनी काचेच्या नळ्या सोडून काही हाताळलं नव्हतं. ते टेबलाकडे बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "ह्याचं काय करायचं असतं संशोधनात?"

मला काय माहीत? मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि जयसिंगपूरच्या एका गृहविज्ञान महाविद्यालयात तासावर शिकवत होते. तासावर म्हणजे तास झाला तर पगार, नाही तर राम राम. पोषणशास्त्र विभागात आम्ही तिघंच: विभागप्रमुख डॉक्टर ऐतवडेबाई, मी आणि महादूमामा. मुली येईनाशा झाल्या होत्या. संस्थेच्या सचिवांनी सांगून टाकलं होतं की येत्या जूनपर्यंत विभागाचं नाव होईल असं काही घडलं नाही, तर विभागाला कुलूप. बाईंनी तो विभाग एका स्टोव्हवर आणि एका तागडीवर उभा केला होता. त्याला कुलूप लागणं म्हणजे काय, हे त्यांच्या तोंडावर न बोलता दिसायचं.

अशा वेळी पुण्याहून कोटणीस आले.

कोटणीस एका फराळाच्या कंपनीचे मार्केटिंग मॅनेजर. कंपनीने बिनतेलाचा चिवडा काढला होता, नाव 'सडपातळ'. तो रोज वाटीभर खाल्ला की वजन उतरतं, एवढंच आम्ही सिद्ध करायचं होतं. त्या बदल्यात कंपनी नवी कोरी प्रयोगशाळा बांधून देणार होती. प्रयोगशाळा झाली तर विभाग राहणार, असं सचिवांनी कबूल केलं होतं.

"निकाल काय येईल, ते आधी कसं सांगणार?" बाईंनी विचारलं.

"त्याचं टेन्शन तुम्ही घेऊच नका मॅडम," कोटणीस म्हणाले. "निकाल आमच्याकडे तयार आहे. तुम्ही फक्त संशोधन करा."

त्यांनी बॅगेतून पाकिटाचा नमुना काढला. त्यावर लाल गोलात 'संशोधनाने सिद्ध' असं छापलेलं होतं.

"अहो, पण संशोधन अजून सुरू व्हायचंय."

"म्हणूनच तारीख टाकलेली नाही."

बाईंनी ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं. बाई म्हणजे काटकुळ्या, करड्या आणि कडक. घरी आमटीतलं मीठसुद्धा तोलून घालायच्या. 'अंदाजे' हा शब्द आमच्या विभागात शिवीसारखा होता. त्यांनी पाकीट परत केलं आणि म्हणाल्या, "संशोधन मी माझ्या पद्धतीनं करणार. येईल तो निकाल."

"नक्कीच," कोटणीस म्हणाले आणि हसले. ते हसणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

बाईंची पद्धत साधी होती. गावात पंचगंगा कॉलनी म्हणून वसाहत आहे, तिच्या दोन गल्ल्या. पहिल्या गल्लीतल्या वीस बायकांना तीन महिने चिवडा द्यायचा, दुसऱ्या गल्लीतल्या वीस जणींना काहीच द्यायचं नाही, आणि दोन्ही गल्ल्यांची वजनं करत राहायची. कंपनीने चिवड्यासाठी स्टीलचे चकचकीत डबे पाठवले. दर सोमवारी मी सायकलवरून भरलेले डबे देऊन यायची आणि आदल्या आठवड्याचे घेऊन यायची. कंपनीच्या सूचनापत्रात लिहिलं होतं: डब्यात चिवडा शिल्लक नसेल तर तो खाल्ला असे समजावे.

पुण्यात बसून लिहिलेली सूचना ती. आमच्या भागात शेजारणीचा डबा रिकामा परत करणारी बाई अजून जन्मायची आहे. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतील, पण डब्याचा तळ दिसू देणार नाहीत.

"बाई, वहीत 'खाल्ला' म्हणून खुणा करू का?" मी त्या पहिल्या सोमवारी विचारलं. "चिवडा शिल्लक नाही, हे तर खरंच आहे."

बाईंनी वीस डब्यांकडे पाहिलं. "कर. आणि हे अन्न वाया जाता कामा नये. नमुना म्हणून चाखून बघू."

आम्ही नमुना म्हणून चाखला. संध्याकाळपर्यंत अळूवड्यांचा डबा संपला होता आणि महादूमामा चटणीला भाकरी मिळेल का म्हणून मुलींच्या वसतिगृहाकडे गेले होते.

पुढचे आठवडे कसे गेले, हे सांगताना आजही तोंडाला पाणी सुटतं. पहिल्या गल्लीत चुरस लागली होती. एकीने खाजाचे कानवले पाठवले हे कळलं, की दुसरी अनारसे पाठवायची. चौगुल्यांच्या आक्काताईंनी खरवस दिला, तर समोरच्या घरातून धपाटी आणि दही आलं. दुसऱ्या गल्लीला डबे नव्हते, त्यामुळे ती गल्ली माझ्याशी बोलेनाशी झाली होती. वजन करायला उभ्या राहायच्या त्या तोंड फिरवून.

"कसा आहे चिवडा?" मी दर सोमवारी पहिल्या गल्लीत विचारायची.

"झ्याक हाय की," आक्काताई म्हणायच्या. "बस, च्या पिऊन जा."

सगळ्या तेच म्हणायच्या. झ्याक हाय, ब्येस हाय, पोरं सोडत न्हाईत. मी खुणा करायची आणि चहा प्यायची.

एक महिना झाला आणि पहिल्या गल्लीची वजनं उतरायला लागली. बाईंनी वजनकाटा दुरुस्तीला पाठवला. काटा ठणठणीत असल्याचं कळलं. दुसऱ्या महिन्यात आणखी उतरली. दुसरी गल्ली होती तिथेच होती. तिसरा महिना संपत आला तसा कोटणीसांचा दर दोन दिवसांनी फोन यायला लागला आणि निकाल जाहीर करण्याच्या समारंभाची तारीखही ठरली.

"बाई, चिवडा खरंच गुणाचा दिसतोय," मी म्हणाले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. विभाग वाचणार होता, माझी नोकरी वाचणार होती आणि वर रोज संध्याकाळी फराळ होता.

बाईंनी वजनांची वही मिटली. मग त्या म्हणाल्या, "रेवती, काट्यावर उभी राहा बघू."

"मी कशाला?"

"राहा."

मी उभी राहिले. बाईंनी आकडा वाचला आणि चष्मा पुसून परत वाचला. मग महादूमामांना उभं केलं. त्यांच्या पट्ट्याला आता शेवटचंच भोक उरलं होतं. शेवटी बाई स्वतः चढल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा ब्लाउज दंडाला घट्ट झाला होता आणि माझं लक्ष गेलं नव्हतं, कारण माझं लक्ष अनारशांकडे होतं.

"वजन नाहीसं होत नाही," बाई म्हणाल्या. "फक्त जागा बदलतं. जा, आक्काताईंना विचारून ये."

मी भर दुपारी गेले. आक्काताई ओट्यावर गहू पाखडत होत्या. साठीच्या, ठसठशीत बाई, आता गालफडं जरा बसलेली. मी सरळच विचारलं, "आक्काताई, चिवडा तुम्ही खाता ना?"

"खातोय की."

"आक्काताई, तुम्हाला माझी शपथ आहे."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "आता शपथ घातलीस व्हय. मग ऐक. कसला चिवडा त्यो, भुस्कट नुसतं. पयल्या दिवशी घास घेतला आणि मालकांस्नी म्हटलं, ह्ये गिळायचं कसं? म्हशीला घातला, तर म्हशीनं तोंड फिरवलं."

"मग दर सोमवारी झ्याक आहे म्हणत होतात, ते?"

"एवढ्या उन्हातनं पोर सायकल मारत येतीया, तुझ्या तोंडावर वाईट कसं म्हणायचं? आणि गल्लीत समद्यांस्नी कळलंय, ह्यात तुझी नोकरी हाय म्हणून. बायका म्हटल्या, पोरीचं वाटोळं नको करायला. झ्याक म्हणायचं."

मला एकदम भरून आलं. त्याच वेळी रागही आला, कारण वीस बायकांनी मिळून माझ्या भल्यासाठी माझं संशोधन धुळीला मिळवलं होतं. मी म्हणाले, "मग वजन कसं उतरलं तुमचं?"

"उतरंल न्हाई तर काय? सोमवार आला की डबा भरायचा. आदी केलेलं घरात खात हुतो, आता केलेलं समदं तुमच्याकडं. तळणाच्या वासानं भूक मरती ती येगळीच. माझी सून म्हणतीया, आत्याबाई, कॉलेजातल्या बायका खादाड दिसत्यात."

"आणि चिवडा? टाकला?"

"अन्न टाकत्यात व्हय?" आक्काताई उठल्या, मला आत घेऊन गेल्या आणि कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली. पेटी तोंडापर्यंत भरलेली होती. "समद्यांच्या घरात हाय. तू मागशील परत म्हणून जपलाय."

मी बाईंना जाऊन सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कोटणीसांना फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

"म्हणजे चिवडा घरात होता," कोटणीस म्हणाले.

"होता."

"आणि वजन उतरलं."

"उतरलं."

"मग प्रॉब्लेम काय आहे मॅडम? खाल्लाच पाहिजे, असं आपण कुठे म्हटलंय?"

बाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. मग परत कानाला लावला.

"उद्या समारंभात तुम्ही एकच ओळ वाचायची," कोटणीस म्हणत होते. "पहिल्या गटाचं वजन सरासरी दोन किलोंनी घटलं. खोटं आहे का हे?"

"नाही."

"झालं तर. आमचे शेटेसाहेब स्वतः येतायत, प्रयोगशाळेची घोषणा करायला. बायकांना म्हणावं, रिकामे डबे स्टेजवर आणून साहेबांच्या हातात द्या. रिकामा डबा हाच पुरावा. फोटो छान येईल."

संध्याकाळी सचिवही येऊन गेले. "बाई, एक ओळ आहे," ते हात जोडून म्हणाले. "एका ओळीसाठी विभाग घालवू नका."

ते गेल्यावर बाई बराच वेळ तागडीची पारडी पुसत बसल्या. "अक्षर न् अक्षर खरं आहे," त्या म्हणाल्या, "आणि सगळं मिळून खोटं." माझा अर्धा जीव त्या ओळीत अडकला होता. मला वाटत होतं, बाईंनी वाचून टाकावी ती ओळ आणि सुटावं. मग त्या म्हणाल्या, "जा, पहिल्या गल्लीत निरोप दे. उद्या डबे स्टेजवर परत द्यायचेत."

"रिकामे?"

"ते तू सांगू नकोस. आणि म्हणावं, घरचं काहीही करायचं नाही. आमचे कपडे आता अंगात जात नाहीत."

मी निरोप दिला. आक्काताई गोंधळल्या. "घरचं न्हाई, मग डब्यात घालायचं काय?" असं म्हणता म्हणता त्यांची नजर कॉटखाली गेली. माझीही गेली. मी चहा न पिता निघाले.

समारंभ महाविद्यालयाच्या सभागृहात होता. शेटेसाहेब म्हणजे कंपनीचे मालक, भला मोठा माणूस. त्यांच्यासाठी हाताची खुर्ची आणली होती, ती बदलून बिनहाताची आणावी लागली. त्यांनी भाषण केलं. आईच्या हातच्या चिवड्याची आठवण सांगितली आणि आपला चिवडा अगदी तसाच आहे, असं म्हणताना त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले. मग बाई उठल्या. त्यांनी कागद उघडला आणि वाचलं, "पहिल्या गटाचं वजन सरासरी दोन किलोंनी घटलं." कागद मिटला आणि खाली बसल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सचिव जोरजोरात टाळ्या वाजवत होते. मी बाईंकडे बघितलं नाही. विभाग वाचला होता आणि मला रडू येत होतं, आनंदाचं नव्हे.

मग बायकांना स्टेजवर बोलावलं. पुढे आक्काताई, नऊवारी, नाकात नथ. त्यांनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला. शेटेसाहेबांनी तो हातात घेतला आणि त्यांचा हात खाली गेला, कारण डबा जड होता.

"अरे वा," ते माइकमध्ये म्हणाले, "ताईंनी आमच्यासाठी काहीतरी आणलंय वाटतं."

"रिकामा डबा कसा द्यायचा साहेब?" आक्काताई म्हणाल्या. "बरं दिसतं का ते?"

साहेब खूश झाले. त्यांनी झाकण उघडलं, मूठभर चिवडा घेतला आणि फोटोवाल्याकडे बघत तोंडात टाकला. बाईंनी माइक उचलून त्यांच्या तोंडापाशी धरला, बहुतेक ते काही बोलतील म्हणून.

सभागृहात बराच वेळ फक्त चावण्याचा आवाज घुमत होता. पहिल्यांदा जोरात, मग हळू, मग थांबत थांबत. साहेबांनी हाताने पाण्याची खूण केली. एक ग्लास प्यायले, मग दुसरा.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. पण हे काय आहे?"

"चिवडा हाय."

"कोणी शिकवला तुम्हाला असला चिवडा करायला?"

"करायला कशाला? तुमचाच हाय की. घरचं काय घालू नका म्हटल्या बाई, मग ह्योच हुता घरात."

शेटेसाहेबांनी दुसरा डबा उघडला, मग तिसरा. वीसही डबे काठोकाठ होते, आणि मागे महादूमामा हातगाडीवर पत्र्याच्या पेट्या घेऊन उभे होते, कारण डब्यांत सगळा मावला नव्हता.

"तुम्ही खाल्लाच नाही?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"आमचं ऱ्हाऊ द्या," आक्काताईंनी मायेने विचारलं. "तुमी आज पयल्यांदाच खाल्लासा न्हवं?"

माइक चालू होता, म्हणून साहेबांनी आवंढा गिळल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. आधी दुसरी गल्ली हसली. तीन महिन्यांचा राग होता तो. मग सगळं सभागृह हसलं. कोटणीस स्टेजच्या मागच्या दाराने गेले ते डबे न घेताच गेले.

प्रयोगशाळा झाली नाही. जूनमध्ये विभागाला कुलूप लागलं, माझे तास गेले, आणि बाई निवृत्तीच्या एक वर्ष आधी घरी बसल्या. कुलूप लावताना महादूमामा रडले, मीही रडले. बाईंनी तागडी काखेत मारली आणि म्हणाल्या, "चला. वजन बरोबर आहे." पुढे मला सांगलीच्या एका शाळेत नोकरी लागली. पण कुलूप लागलं त्या दिवशी बाईंचं वाटलं तेवढं कौतुक मला कुणाचं वाटलेलं नाही, आणि त्या दिवसाइतकं वाईटही वाटलेलं नाही.

राहिले होते ते वीस डबे. कंपनीने ते मागितले नाहीत. बाई म्हणाल्या, डबे आपल्याकडे भरून येत होते, आता ते रिकामे कसे ठेवायचे? आम्ही बेसनाचे लाडू करून पहिल्या गल्लीत पाठवले. अर्थात ते डबे पुढच्या सोमवारी बाईंच्या घरी परत आले, भरून. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटचा डबा कोणी द्यायचा हे ठरत नसल्यामुळे व्यवहार अजून चालू आहे. आक्काताईंच्या पश्चात त्यांच्या सुनेने तो पुढे चालवलाय, आणि दुसरी गल्लीही त्यात आली आहे.

मागच्या महिन्यात सांगलीत एका दुकानात मला 'सडपातळ' दिसला. नवं पाकीट, लाल गोल तोच. मी चष्मा काढून खालची बारीक अक्षरं वाचली आणि तिथूनच बाईंना फोन लावला. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण कान शाबूत आहेत.

"बाई, ऐका. 'वीस घरांनी तीन महिने घरात ठेवला. सरासरी दोन किलो वजन घटले.' असं छापलंय."

बाईंनी विचारलं, "सरासरीच लिहिलंय ना? अंदाजे नाही?"

"सरासरी."

"मग खोटं नाही ते." मग त्या म्हणाल्या, "तू घेतलंस का पाकीट?"

"घेतलं."

"खाल्लंस?"

"नाही. घरात ठेवणार आहे."

"तेवढं पुरे," बाई म्हणाल्या. "आज सोमवार ना? डबा आलाय, खरवस आहे. लवकर ये, नाहीतर माझं वजन वाढेल."